बरे वाटू लागल्यानंतरचे महिने : नैराश्य आणि इतर भावविकार समजून घेताना

मनोविकार विभागात येणारा रुग्ण बहुतेक वेळा प्रथम त्या विभागात येतच नाही. तो आधी येतो तो सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात. डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, पोटात आग पडते, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही, अंगात त्राण उरलेले नाही, अशा त्याच्या तक्रारी असतात. रक्त तपासले जाते, ईसीजी काढला जातो, सोनोग्राफी होते आणि सर्व अहवाल निर्दोष येतात. ‘काहीही झालेले नाही’ हे ऐकून घरच्यांना हायसे वाटते. रुग्ण मात्र अधिकच एकटा पडतो, कारण त्याला काहीतरी झालेले असते आणि आता तसे म्हणण्याचा आधारही गेलेला असतो.

आमचे देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. नैराश्य व त्याच्या जातीचे इतर विकार म्हणजे काय, ते का होतात, त्यांच्यावर कोणते उपचार आहेत, हे सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्यातील एक गोष्ट आरंभीच सांगतो. हे विकार बरे होतात, पण ते परत येण्याच्या स्वभावाचे असतात. त्यामुळे उपचारांचा अवघड भाग रुग्ण आजारी असताना संपत नाही. तो रुग्णाला बरे वाटू लागल्यानंतर सुरू होतो.

भावविकार म्हणजे काय?

सुख-दुःख, उत्साह-मरगळ ही मनाची नित्याची भरती-ओहोटी आहे. जवळचे माणूस गेले, पीक बुडाले, परीक्षेत अपयश आले तर मन खिन्न होणारच. तो आजार नव्हे. मनाची ही पातळी प्रसंगाशी फारकत घेऊन खाली किंवा वर जाते, तेथेच अडकून राहते आणि माणसाचे रोजचे जगणे विस्कटून टाकते, तेव्हा त्याला भावविकार म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत हे ‘अफेक्टिव्ह’ किंवा ‘मूड डिसऑर्डर’ होत.

यातील सर्वांत अधिक आढळणारा विकार म्हणजे नैराश्य. मन सतत उदास राहणे आणि पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यातली गोडी नाहीशी होणे, ही त्याची दोन प्रमुख लक्षणे. त्यांच्या जोडीला झोप आणि भूक बिघडते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, हालचाल व बोलणे मंदावते, आपण निकामी आहोत किंवा अपराधी आहोत असे वाटू लागते आणि मरणाचे विचार येतात. यांपैकी अनेक लक्षणे किमान दोन आठवडे, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बहुतेक वेळ टिकून राहिली तर नैराश्याचे निदान केले जाते. पुष्कळ रुग्णांना सकाळ सर्वांत जड जाते आणि संध्याकाळी थोडे हलके वाटते. घरच्यांना हे ढोंग वाटते. वास्तविक ते आजाराचेच एक लक्षण आहे.

आपल्या परंपरेला हा विकार अपरिचित नव्हता. चरकसंहितेने रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाला नैराश्य आले तर त्याचा मूळ आजारही आटोक्यात राहत नाही, हा आजच्या रुग्णालयांचा अनुभव त्याच्याशी जुळणारा आहे.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार सुमारे दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेले असते आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत उपचार पोहोचलेले नसतात. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि आपल्याकडील चित्र फार वेगळे असेल असे मानण्याजोगे काही आमच्या अनुभवास आलेले नाही.

नाण्याची दुसरी बाजू

काही रुग्णांचे मन केवळ खालीच जात नाही, ते अवाजवी वरही जाते. झोप दोन-तीन तासांवर येते तरी थकवा नसतो. बोलणे थांबत नाही, मोठमोठ्या योजना सुचतात, पैसा पाण्यासारखा खर्च होतो, अडवले तर संताप येतो. या अवस्थेला उन्माद किंवा ‘मॅनिया’ म्हणतात. उन्माद आणि नैराश्य यांचे झटके आलटून पालटून येणाऱ्या आजाराला द्विध्रुवीय अथवा ‘बायपोलर’ विकार असे नाव आहे. दोन झटक्यांच्या मध्ये रुग्ण महिनोन् महिने पूर्ववत असू शकतो.

सौम्य उन्माद घरच्यांना आजार वाटत नाही. ‘तेव्हा किती उमेद होती त्याच्यात!’ असे कौतुकाने सांगितले जाते. हीच माहिती डॉक्टरांपासून निसटू नये अशी आमची विनंती आहे. बायपोलर रुग्णाला केवळ नैराश्यावरील गोळी दिली तर मन खालून थेट उन्मादाकडे झेप घेऊ शकते. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही पूर्वीच्या उत्साहाच्या काळाविषयी खोदून विचारतो. त्यास चौकसपणा समजू नये.

कारण एकच नसते

मेंदूतील अमुक एक रसायन कमी झाले म्हणून नैराश्य आले, असे पूर्वी सोपे करून सांगितले जाई. आजचे ज्ञान तेवढ्यावर थांबत नाही. आनुवंशिकता, बालपणीचे आघात, दीर्घकाळचा ताण, कर्ज, मारहाण, व्यसन, बाळंतपणानंतरचे बदल, दीर्घ मुदतीचे शारीरिक आजार, अशी अनेक कारणे एकत्र येतात. बायपोलर विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, नैराश्यात तो तुलनेने कमी असतो. थायरॉइडची मंदगती, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा स्टेरॉइडसारखी औषधे यांमुळेही मन ढासळू शकते. त्यामुळे प्रारंभी काही रक्ततपासण्या केल्या जातात. नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळते. पुरुषांमध्ये ते पुष्कळदा चिडचिड आणि दारू यांच्या आड लपते.

या यादीत एका गोष्टीचा समावेश नाही, आणि ती म्हणजे मनाचा कमकुवतपणा. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला ज्याला दिला जातो, त्याने तो स्वतःला शेकडो वेळा देऊन पाहिलेला असतो.

ऋतू आणि मन

‘दर पावसाळ्यात यांचे असेच होते,’ असे सांगत अनेक कुटुंबे येतात. ऋतू आणि मन यांचा संबंध खराच आहे. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांना तेथील हिवाळ्यात स्वतःचाच उत्साह ओसरल्याचे जाणवले. १९८४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतुमानाशी निगडित भावविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. या विकारात शरद ऋतूच्या अखेरीस मन उदास होऊ लागते व वसंतात सावरते. नेहमीच्या नैराश्यात बहुधा झोप आणि भूक कमी होते. येथे उलट झोप वाढते, गोड व पिठूळ पदार्थांची ओढ लागते आणि वजन वाढते.

याचे एक मोठे कारण प्रकाश हे आहे. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये हाच फरक साडेसोळा तासांहून अधिक ते आठ तासांहून कमी इतका मोठा असतो. त्यामुळे हिवाळी नैराश्य हा प्रामुख्याने उत्तरेकडील देशांचा प्रश्न आहे. तरीही तो आपल्या परिचयाचा व्हावा, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले शिक्षण-नोकरीसाठी इंग्लंड, कॅनडा किंवा उत्तर युरोपात आहेत. नोव्हेंबरनंतर फोनवरचा मुलाचा आवाज दरवर्षी खोल जात असेल तर ती केवळ घरची आठवण नसू शकते. सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार तेथे सहज उपलब्ध असतो. मात्र बायपोलर रुग्णाने तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

आपल्याकडे पावसाळ्यात दिवस लहान होत नाही, पण आभाळ भरलेले राहते आणि माणसे घरात कोंडली जातात. ढगाळ सकाळीही घरातील दिव्यापेक्षा बाहेर कित्येक पट अधिक उजेड असतो. म्हणून पाऊस थोडा उघडला की उदास व्यक्तीला सोबत घेऊन बाहेर पडावे, असे आम्ही सांगतो.

तथापि आपल्या वर्षचक्रातील खरे धोके वेगळे आहेत. पहिला धोका जागरणाचा. गणेशोत्सव, नवरात्र, लग्नसराई यांतील सलग दोन-तीन रात्रींचे जागरण बायपोलर रुग्णात उन्मादाचा झटका आणण्यास पुरेसे होऊ शकते. आरती, दर्शन, पंगत यांत त्याने अवश्य सहभागी व्हावे, पण रात्रीची झोप मोडू नये.

दुसरा धोका उन्हाळ्याचा आणि उपवासांचा. बायपोलर विकारावरील लिथियम हे अत्यंत गुणकारी औषध मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडते. चैत्र-वैशाखातील घामाने, जुलाब-उलट्यांनी, निर्जळी उपवासाने किंवा अचानक मीठ वर्ज्य केल्याने शरीरातील पाणी व क्षार कमी झाले, तर मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि त्याची रक्तातील पातळी धोकादायक होऊ शकते. हात जोराने थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, उलट्या होणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात आणावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ही पातळी वाढते. त्यामुळे अशा रुग्णासाठी दुकानातून परस्पर गोळी आणू नये.

उपचार आणि त्यांचा काळ

१९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवून दिला. १९५७ साली स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलँड कून यांनी इमिप्रामिन हे नैराश्यावरील औषध पुढे आणले. त्यानंतरची औषधे अधिक सुसह्य झाली आहेत. सौम्य नैराश्यात समुपदेशन व मानसोपचार पुरेसे ठरू शकतात. मध्यम व तीव्र नैराश्यात औषधे आणि मानसोपचार यांचा मेळ घालावा लागतो. व्हॅल्प्रोएट हे बायपोलर विकारावरील औषध गर्भाला अपायकारक असल्याने तरुण स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. त्यामुळे मूल हवे असल्यास तसे आधीच सांगावे.

नैराश्यावरील औषधाने पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, अस्वस्थता असा त्रासच अधिक जाणवतो. गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामासाठी त्याहून अधिक काळ लागतो. या प्रारंभीच्या काळात तरुण रुग्णांकडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे. ‘या गोळ्यांची सवय लागते’ ही भीती आम्ही नेहमी ऐकतो. नैराश्यावरील गोळ्यांचे व्यसन लागत नाही. मात्र त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी होऊ शकते, म्हणून त्या हळूहळू कमी करायच्या असतात. सवय लागते ती अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या व शांत करणाऱ्या गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच वर्षानुवर्षे परस्पर घेतल्या जातात.

‘शॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्युत उपचाराविषयीही गैरसमज फार आहेत. रुग्ण अन्नपाणी सोडतो किंवा जिवावर उदार होतो अशा तीव्र नैराश्यात हा उपचार प्राण वाचवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याखेरीज तो देण्यास मनाई केली आहे.

आता आरंभी सांगितलेल्या मुद्द्याकडे वळू. अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र करून एक चित्र येथे मांडतो. एक भगिनी चार महिने अंथरुणाला खिळल्यासारखी होती. औषधांनी दीड महिन्यात ती उठली, स्वयंपाकाला लागली, हसू लागली. तिसऱ्या महिन्यात घरात मुलाचे लग्न निघाले. व्याह्यांसमोर गोळ्यांची पाकिटे नकोत, आणि आता तर ती बरी आहे, असा विचार करून औषध बंद झाले. लग्न थाटात पार पडले. दिवाळीपर्यंत ती पुन्हा अंथरुणावर होती. या खेपेस ‘उपचारांचाही उपयोग होत नाही’ अशी घरच्यांची खात्री झाली होती.

येथे चूक कुणाची म्हणावी? तापाची गोळी ताप उतरल्यावर थांबवायची, हीच आपली सवय आहे. नैराश्याचे तसे नाही. पहिला झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या व्यक्तींना पुढे केव्हातरी दुसरा झटका येतो, आणि प्रत्येक झटक्याबरोबर पुढच्याची शक्यता वाढते. म्हणून पूर्ण बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. वारंवार झटके येत असतील तर दोन वर्षे किंवा अधिक काळ लागतो. बायपोलर विकारात तर ते प्रायः दीर्घकाळ घ्यावे लागते. रुग्ण बरा दिसतो, याचा अर्थ औषध आपले काम करीत आहे, इतकाच घ्यावा.

घरच्यांनी काय करावे?

प्रथम, ऐकून घ्यावे. ‘तुला काय कमी आहे?’ या प्रश्नाने अपराधीपणा वाढतो. ‘तुला त्रास होतोय हे दिसतेय, आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ,’ एवढे वाक्य पुरेसे असते. अंगारे-धुपारे, देवदर्शन यांतून मनाला आधार मिळत असेल तर आमचा विरोध नाही. त्यासाठी औषध मात्र थांबवू नये.

दुसरे, मरणाचा विषय टाळू नये. ‘जगणे नको असे वाटते का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी असेल तर रुग्णाला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधांचा साठा कुलपात किंवा घराबाहेर ठेवावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असे गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दंड संहितेचे जुने कलम ३०९ ठेवलेले नाही.

तिसरे, पूर्वखुणा लिहून ठेवाव्यात. प्रत्येक रुग्णाचा झटका आपली वर्दी देतो. कुणाची आंघोळ लांबते, कुणी फोन उचलेनासा होतो, कुणी मध्यरात्री कपाटे आवरू लागतो. हे डॉक्टरांच्या आधी घरातल्या माणसाला दिसते.

समाजातही आता या विषयावर मोकळेपणाने बोलले जात आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या नैराश्यावरील मराठी चित्रपटाला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची निर्मिती मनोविकारतज्ज्ञ व अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांनी केली होती, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

दूरच्या गावापर्यंत

मनोविकारतज्ज्ञांची संख्या अपुरी आहे आणि ते प्रामुख्याने शहरांत आहेत. त्यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच परिसरात सिद्ध झाला आहे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने सामान्य शिक्षण झालेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. रुग्णाने टाळलेली छोटी छोटी कामे पुन्हा हाती घ्यावीत यासाठी त्यांनी सहा ते आठ बैठकांत साहाय्य केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर अशा रुग्णांपैकी ६४ टक्के सावरले होते. हे साहाय्य न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. आजाराचे नाव गावाला कळले आणि विचारपूस करणारे माणूस दाराशी आले, एवढ्याने पुष्कळ साधले.

या देणगीचे फळ

धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्यात, अशी योजना २००६ पासून लागू आहे. भावविकारांचा रुग्ण मात्र या खाटांच्या हिशेबात क्वचितच येतो, कारण त्याला बहुधा खाट लागतच नाही. त्याला लागते ती दरमहा न चुकता मिळणारी औषधे, लिथियम, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या नियमित तपासण्या, बोलण्यासाठी अर्धा तास आणि ठरल्या दिवशी तो आला नाही तर चौकशी करणारे कुणीतरी. औषधाच्या किमतीपेक्षा एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज त्याला अधिक जड जातो. बरे वाटत असताना तर तो खर्च त्याला निरर्थकच वाटतो. उपचार तुटतात ते बहुधा याच ठिकाणी.

शस्त्रक्रियागृहासाठी दिलेल्या देणगीतून उभे राहिलेले यंत्र आम्ही आपणास दाखवू शकतो. मनोविकार विभागासाठी दिलेल्या देणगीचे असे काही दाखवता येत नाही. तिचे फळ म्हणजे एखाद्या घरात काहीही न घडता गेलेले वर्ष. आई वेळेवर उठली, मुलगा कामावर गेला, सणाला सर्वांनी एकत्र जेवण केले, आणि हे उल्लेखनीय आहे असे कुणाला वाटलेही नाही. अशी साधी वर्षे अधिकाधिक घरांच्या वाट्याला यावीत यासाठी आपल्या सहकार्याची आम्हांस गरज आहे. आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : तो बरा दिसू लागला की अवश्य आनंद माना, पण पुढील तारखेला त्याला घेऊन या.